ग्रीक पुराणकथांतले नामदाते पूर्वज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'नामदाता पूर्वज' म्हणजे नक्की कोण?

ज्याच्या नावावरून एखाद्या प्रदेशाला, नगराला, बेटाला किंवा जमातीला नाव मिळालं असं मानलं जातं, तो. आर्केडियाचा आर्कस, पेलोपोनीजचा पेलोप्स, डोरियन लोकांचा डोरस, अशी ही मंडळी. ग्रीक पुराणकथांत त्यांची संख्या प्रचंड आहे. हर्क्युलिस किंवा अकिलीससारखा पराक्रम बहुतेकांच्या वाट्याला आला नाही. कित्येकांची गोष्ट एका वाक्यात संपते: अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, याच्यावरून देशाला नाव पडलं. पुराणकथा वाचणारे म्हणूनच ही पानं उलटून पुढे जातात. माझ्या मते मात्र प्राचीन ग्रीक स्वतःकडे कसे बघत होते हे समजून घ्यायला या रुक्ष वाटणाऱ्या वंशावळींइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

ही माणसं खरोखर होऊन गेली का?

नाही. नाव आधी होतं, माणूस नंतर आला. प्रदेशाचं किंवा जमातीचं नाव रुळलेलं असे, कधी कधी त्याचा मूळ अर्थही विसरला गेलेला असे, आणि मग त्या नावातून एक पूर्वज घडवला जाई. पण 'काल्पनिक' म्हटलं की विषय संपला असं होत नाही. हा पूर्वज कोणी घडवला, कधी घडवला, त्याला बाप कोण दिला आणि भाऊ कोण दिले, हे सगळे ऐतिहासिक प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं बऱ्याचदा सापडतात. डोरस होऊन गेला नाही, पण तो आपला पूर्वज आहे असं मानणारे लोक होऊन गेले. त्या विश्वासापायी त्यांनी तह केले आणि पैसेही दिले.

सगळ्या ग्रीकांचा मूळ पुरुष कोणता?

हेलेन. ट्रॉयच्या युद्धाला कारण झालेली सुंदरी हेलन वेगळी. हा पुरुष आहे, महापुरातून वाचलेल्या ड्यूकेलियन आणि पिऱ्हा या दांपत्याचा मुलगा. त्याच्यावरून ग्रीक लोक स्वतःला 'हेलेनीस' आणि देशाला 'हेलास' म्हणत.

प्राचीन कवी हेसिऑडच्या नावावर असलेल्या, आज फक्त तुकड्यांत उरलेल्या एका वंशकाव्यात हेलेनचे तीन मुलगे सांगितले आहेत: डोरस, झूथस आणि इऑलस. झूथसला पुढे दोन मुलगे झाले, आयॉन आणि अकीअस. आता हीच नावं जमातींशी लावून पाहा. डोरसपासून डोरियन, इऑलसपासून इओलियन, आयॉनपासून आयोनियन, अकीअसपासून अकियन. ग्रीक भाषेच्या ज्या मोठ्या शाखा लोकांच्या कानांना वेगळ्या जाणवत होत्या, त्या सगळ्या एका घरात आणून बसवल्या आहेत. स्पार्टाचा डोरियन आणि मायलीटसचा आयोनियन एकमेकांशी कितीही भांडले, तरी वंशावळीप्रमाणे ते चुलत घराणीच.

इतिहासकार थ्युसिडिडीजने या गोष्टीकडे फार बारकाईने पाहिलं. तो म्हणतो की हेलेनच्या आधी हेलास हे नावच नव्हतं. होमरलाही सगळ्यांसाठी ते ठाऊक नाही. तो त्यांना डानाअन, आर्गाइव्ह आणि अकियन म्हणतो, आणि 'हेलेनीस' हे नाव फक्त अकिलीसच्या बरोबर थेसलीतल्या फ्थिओटिसहून आलेल्यांना लावतो. म्हणजे एका छोट्या भागातलं नाव हळूहळू सगळ्यांचं झालं, हे इ. स. पू. पाचव्या शतकातल्या माणसाने पुराव्यानिशी मांडलं. गंमत अशी की हेलेन नावाचा माणूस होता की नाही, ही शंका मात्र त्याने घेतली नाही.

मग आपण त्यांना 'ग्रीक' का म्हणतो? आणि 'यवन' कुठून आलं?

दोन्ही नावांना वेगवेगळे पूर्वज आहेत. त्याच वंशकाव्यात ग्रायकॉस नावाचा एक मुलगा आहे. तो ड्यूकेलियनच्या मुलीला झ्यूसपासून झालेला, म्हणजे हेलेनचा भाचा. ॲरिस्टॉटल सांगतो की डोडोनाच्या परिसरातले लोक पूर्वी स्वतःला ग्रायकॉय म्हणवत आणि नंतर हेलेनीस म्हणवू लागले. रोमन लोकांनी हे आडवाटेचं नाव उचललं आणि लॅटिनमधून ते युरोपभर पसरलं. आपल्याकडे ते इंग्रजीच्या मार्गाने आलं.

'यवन' मात्र आपल्याकडे फार जुना आहे. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावर राहणाऱ्या आयोनियन ग्रीकांशी इराण्यांचा पहिला संबंध आला आणि त्यांनी सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हटलं. अशोकाच्या शिलालेखांत 'योन' येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आजही वाचता येतात. जुन्नरच्या आणि नाशिकच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. ही माणसं खुद्द ग्रीसमधून आलेली होती की इथेच रुजलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. नावापुरतं बोलायचं तर हेलेनचा नातू आयॉन सह्याद्रीतल्या दगडापर्यंत पोचला.

पेलोप्स तर बाहेरून आलेला. मग एवढ्या मोठ्या द्वीपकल्पाला त्याचं नाव कसं?

हा प्रश्न ग्रीकांनाही पडला होता. पेलोप्स हा टँटलसचा मुलगा, आशिया मायनरमधल्या लिडियाचा. कुणी फ्रिजियाचा म्हणतं. बापाने त्याला कापून, शिजवून देवांपुढे वाढलं. डिमीटरने चुकून खांद्याचा घास घेतला. देवांनी त्याला पुन्हा जिवंत केलं आणि खाल्लेल्या खांद्याच्या जागी हस्तिदंती खांदा बसवला. कवी पिंडारला ही नरमांसाची गोष्ट सहन झाली नाही. इ. स. पू. 476 मधल्या विजयासाठी लिहिलेल्या स्तोत्रात त्याने ती मत्सरी शेजाऱ्यांनी उठवलेली अफवा ठरवली आणि समुद्रदेव पोसायडन पेलोप्सच्या प्रेमात पडून त्याला घेऊन गेला, असं सांगितलं.

मग पेलोप्स ऑलिंपियाजवळच्या पिसा इथे आला. तिथला राजा ओइनोमाउस आपल्या मुलीशी, हिप्पोडामियाशी, लग्न करू पाहणाऱ्याला रथाच्या शर्यतीत उतरवी आणि हरला की मारून टाकी. पिंडारच्या हिशेबाने तेरा जण मेले होते. पेलोप्स जिंकला. कुणी म्हणतं पोसायडनने दिलेल्या घोड्यांमुळे, कुणी म्हणतं राजाचा सारथी मिर्टिलस याला फितवून रथाची खीळ काढवल्यामुळे. दुसऱ्या कथेत पेलोप्सने नंतर त्याच मिर्टिलसला समुद्रात ढकललं. मरता मरता मिर्टिलसने दिलेला शाप अट्रेउस आणि अगामेम्नॉन यांच्या घराण्याला भोवला. ऑलिंपियातल्या झ्यूसच्या देवळाच्या पूर्वेकडच्या दर्शनी त्रिकोणात शर्यत सुरू होण्याआधीचा क्षण कोरला आहे. त्या मूर्ती तिथल्या संग्रहालयात आहेत. प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो की झ्यूसच्या देवळाजवळच पेलोप्सचं वेगळं आवार होतं आणि तिथे त्याला दरवर्षी काळ्या एडक्याचा बळी देत.

थ्युसिडिडीजचं उत्तर अगदी कोरडं आणि म्हणून विचार करायला लावणारं आहे: गरीब लोकांमध्ये पेलोप्स आशियातून भरपूर संपत्ती घेऊन आला, त्यातून त्याला सत्ता मिळाली, आणि परका असूनही देशाला त्याचं नाव पडलं.

पेलोपोनीज म्हणजे पेलोप्सचं बेट. तेव्हा ते बेट नव्हतं. सुमारे सहा किलोमीटरची जमिनीची पट्टी त्याला मुख्य भूमीशी जोडत होती. 1893 मध्ये कॉरिंथचा कालवा पूर्ण झाला आणि नाव पहिल्यांदा भूगोलाला खरं उतरलं.

आर्केडियाच्या आर्कसची गोष्ट काय आहे?

त्याची आई कॅलिस्टो, शिकारीची देवी आर्टेमिस हिच्या मेळ्यातली. झ्यूसपासून तिला दिवस गेले आणि शिक्षा म्हणून ती अस्वल झाली. पुढे ती आकाशातलं मोठं अस्वल झाली असं सांगतात. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते तारे त्याच अस्वलाच्या अंगावरचे.

मला यात जास्त आवडतो तो पॉसेनियसने दुसऱ्या शतकात नोंदवलेला स्थानिक इतिहास. आर्केडियन लोकांच्या मते पहिला माणूस पेलास्गस, तो मातीतूनच जन्मला. त्याने लोकांना झोपड्या बांधायला, कातड्याचे अंगरखे करायला आणि पाल्याऐवजी ओकची फळं खायला शिकवलं. देशाचं नाव तेव्हा पेलास्जिया होतं. आर्कस आला तो त्याच्या पुढच्या पिढ्यांत. त्याने ट्रिप्टॉलेमसकडून धान्याची शेती आणली, भाकरी भाजायला आणि कापड विणायला शिकवलं, आणि मग देशाचं नाव बदललं. नावासोबत इथे जगण्याची पायरीही बदलते.

मधल्या पिढीतल्या लिकेऑनचे मुलगेही असेच कामाला लावले आहेत. मँटिनेउसपासून मँटिनिया, ऑर्कोमेनसपासून ऑर्कोमेनस, तेगिआतेसपासून तेगिया. आर्केडियाच्या नकाशावरची गावं एका घरातल्या मुलांसारखी ओळीने उभी केली आहेत. धाकटा ओइनोट्रस मात्र भावाकडून पैसे आणि माणसं घेऊन इटलीला गेला आणि तिथल्या ओइनोट्रियाचा नामदाता झाला.

मँटिनियाच्या लोकांनी तर डेल्फीच्या अपोलोच्या देवस्थानाने दिलेल्या कौलावरून आर्कसची हाडं मेनालस डोंगरावरून आपल्या गावात आणली. ज्याच्याकडे पूर्वजाची हाडं, त्याचा देशावर हक्क मोठा, अशी ही समजूत होती.

स्पार्टा आणि लॅसिडेमन ही दोन नावं का?

लॅसिडेमन हा नवरा, स्पार्टा ही बायको. तो झ्यूस आणि टायगेटी यांचा मुलगा, ती राजा युरोटसची मुलगी. जावयाने देशाला स्वतःचं नाव दिलं आणि नगराला बायकोचं. आता टायगेटस हा तिथला पर्वत आणि युरोटस ही तिथली नदी. सगळा भूगोल एका कुटुंबात येऊन बसला.

अशा पूर्वजांमध्ये स्त्रिया आहेत का?

भरपूर, आणि त्यांच्याकडे फारसं लक्ष जात नाही. बेटांच्या बाबतीत तर स्त्रियाच जास्त. इजिना, सॅलॅमिस, कॉर्किरा या तिघी आसोपस नदीदेवाच्या मुली. इजिनाला झ्यूसने आणि सॅलॅमिस, कॉर्किरा या दोघींना पोसायडनने पळवून त्या त्या बेटावर नेलं. ऱ्होड्सही अप्सरेच्या नावाचंच.

युरोपचं नावही टायरच्या राजकन्येचं, युरोपाचं. इतिहासकार हिरोडोटसला ते पटत नाही. तो विचारतो की ही बाई फिनिशियातून क्रीटला आणि क्रीटहून लिसियाला गेली, आज ज्याला युरोप म्हणतात तिथे तिने पाऊलही ठेवलं नाही, मग खंडाला तिचं नाव कशाला? आणि पृथ्वी एकच असताना तिला युरोप, आशिया, लिबिया अशी तीन बायकांची नावं का? इतकं विचारून तो म्हणतो की रूढ नावंच आपण वापरू.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मेसीनी. ती आर्गोसच्या ट्रायोपसची मुलगी. तिचा नवरा पॉलिकेऑन धाकटा म्हणून त्याला राज्य मिळेना. तिने त्याला गप्प बसू दिलं नाही. दोघांनी माणसं जमवून शेजारचा प्रदेश घेतला आणि त्याला तिचं नाव दिलं. मेसीनिया प्रत्यक्षात कित्येक शतकं स्पार्टाच्या ताब्यात होता आणि तिथले लोक हेलट, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलाम, म्हणून राबत होते. इ. स. पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राला स्पार्टाचा पराभव झाला. 369 मध्ये थीब्सचा सेनापती एपामिनोंडस याने मेसीनियनांना त्यांचं नगर उभं करून दिलं. पायाभरणीच्या वेळी त्यांनी आपल्या वीरांना 'परत या, आमच्यात राहा' अशी हाक घातली. पॉसेनियस सांगतो की पहिली हाक मेसीनीला होती आणि सर्वांत मोठा आवाज स्पार्टाशी झुंजलेल्या ॲरिस्टोमेनीसच्या नावाला उठला. पुढे तिचं देऊळ झालं, सोन्याची आणि संगमरवराची मूर्ती झाली. ज्यांची भूमी आणि इतिहास दोन्ही हिरावले गेले होते, त्यांना आपण इथलेच आहोत हे सांगायला एक आई लागली.

अथेन्स तर देवीच्या नावाचं. अॅटिकाला कोणाचं नाव?

आथिस नावाच्या मुलीचं, राजा क्रानाउसची ती लेक. त्याआधी ॲक्टिअसवरून ॲक्टिया म्हणत.

पण अथेन्सची खरी रोचक गोष्ट वेगळी आहे. तिथल्या लोकांच्या चार जुन्या जमाती आयॉनच्या चार मुलांच्या नावांवर होत्या. इ. स. पू. 508 च्या सुमारास क्लेइस्थेनीसने त्या मोडून दहा नव्या केल्या. नव्या जमातींना पूर्वज हवेत म्हणून शंभर वीरांची नावं डेल्फीला पाठवली आणि तिथल्या पुजारिणीने दहा निवडली. त्यांत अजॅक्स तर सॅलॅमिसचा, बाहेरचा. तरी पुढच्या पिढ्या त्याला आपला मानू लागल्या. या दहा वीरांचे पुतळे बाजारचौकात होते आणि त्यांच्याखाली सरकारी सूचना लावत. नामदाता पूर्वज मुद्दाम, तारखेनिशी नेमलेला पाहायचा असेल तर हे उदाहरण बघावं.

कॉरिंथचा कॉरिंथस कोण?

कॉरिंथकर म्हणत, झ्यूसचा मुलगा. पॉसेनियस म्हणतो की हे बहुतेक कॉरिंथकरांखेरीज कुणी गंभीरपणे सांगितल्याचं त्याच्या ऐकण्यात नाही. 'झ्यूसचा कॉरिंथस' ही ग्रीकमध्ये तेच तेच पुन्हा सांगणाऱ्यासाठी म्हणच झाली होती.

वेगवेगळ्या कथांत एकाच पूर्वजाचे बाप वेगवेगळे आहेत. खरं कोणतं मानायचं?

खरं-खोटं करण्यापेक्षा सांगणारा कोण, हे बघावं. वंशकाव्यात आयॉन झूथसचा मुलगा आहे. नाटककार युरिपिडीसने अथेन्सच्या रंगभूमीवर त्याला अपोलोचा मुलगा केलं आणि आई अथेन्सची राजकन्या क्रेऊसा. डोरस हा क्रेऊसाला झूथसपासून नंतर झालेला मुलगा. म्हणजे आयोनियनांचा पूर्वज देवपुत्र आणि थोरला, स्पार्टाच्या डोरियनांचा पूर्वज माणसाचा मुलगा आणि धाकटा. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाच्या काळात हे ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल हे सांगायला नको.

मॅसिडोनियाचा नामदाता मॅसिडॉन याचंही तसंच. वंशकाव्यात तो ड्यूकेलियनच्या मुलीला झ्यूसपासून झालेला, म्हणजे हेलेनच्या वंशाबाहेरचा. नातेवाईक, पण हेलेनी नव्हे. नंतर इतिहासकार हेलानिकसने त्याला इऑलसचा मुलगा केलं आणि तो घरात आला. मॅसिडोनियन लोक ग्रीक होते का, हा वाद तेव्हाही होता आणि तो वंशावळीच्या भाषेत चालत होता.

ग्रीकांनी परक्या देशांनाही असे पूर्वज दिले का?

जवळजवळ प्रत्येकाला. फिनिशियाला फिनिक्स आणि सिलिशियाला सिलिक्स, दोघे युरोपाचे भाऊ. इजिप्तला ईजिप्टस. इराणातल्या मीड लोकांच्या मीडिया देशाला मीडिया, जेसनची बायको. पर्शियाला पर्सिअस आणि अँड्रोमिडाचा मुलगा पर्सीस. हिरोडोटस सांगतो की ग्रीसवर स्वारी करण्याआधी झर्क्सीसने आर्गोसला दूत पाठवून हेच नातं पुढे केलं अशी कथा प्रचलित होती: पर्सिअस तुमचा, आम्ही त्याचे वंशज, मग आपण लढायचं कशाला? आर्गोस त्या युद्धात तटस्थ राहिलं, हे मात्र कथेपुरतं नाही.

भारतही सुटला नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक दूत मेगॅस्थिनीस याच्या आधाराने इतिहासकार एरियनने लिहिलं आहे की हेराक्लीसला (म्हणजे हर्क्युलिसला) भारतात पांडाया नावाची मुलगी झाली आणि तिला दिलेल्या राज्याला तिचं नाव पडलं.

या वंशावळींचा व्यवहारात काही उपयोग होता का?

होता, आणि तो सातबाराच्या उताऱ्यासारखा होता: हक्क सांगायचा तर आधी कागद काढा. सर्वांत बोलका पुरावा एका शिलालेखात आहे. डोरस ज्याचा नामदाता त्या मध्य ग्रीसमधल्या डोरिसमध्ये किटेनिऑन नावाचं छोटं गाव होतं. भूकंप आणि नंतर शत्रूचा हल्ला यांत त्याचा तट पडला. इ. स. पू. 206 च्या सुमारास तिथले दूत समुद्र ओलांडून लिसियातल्या झँथसला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, गेले आणि मदत मागितली. आधार काय, तर देवांपासून आणि वीरांपासून निघणारं नातं. देवी लेटोने अपोलोला झँथसच्या भूमीत जन्म दिला आणि अपोलोचा मुलगा ॲस्क्लेपिअस डोरिसमध्ये जन्मला, इथून सुरुवात करून त्यांनी पिढ्यांची साखळी जोडून दाखवली. झँथसच्या लोकांनी ती मान्य केली. त्यांचा खजिना रिकामा होता, तरी कर्ज काढून त्यांनी 500 ड्राक्मा दिले आणि सगळा युक्तिवाद लेटोच्या देवस्थानात दगडावर कोरून ठेवला. रक्कम लहान आहे. पण ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एका गावाने ऋण काढलं, आणि ते काढायला लावणारी गोष्ट पुराणातली होती.

वसाहत स्थापन करणारा आणि नामदाता एकच असतो का?

नेहमी नाही. इटलीतल्या आजच्या टारांटोची वसाहत स्पार्टाहून आलेल्या फालांथसने केली असं परंपरा सांगते. नाव मात्र पोसायडनच्या मुलाचं, टारसचं. नाण्यांवर डॉल्फिनवर बसलेला तरुण दिसतो, तो बहुधा टारसच.

आपल्या पुराणांत असं काही आहे का?

आहे. विदर्भाचंच घ्या. विष्णुपुराणात ज्यामघ राजा युद्धातून एक राजकन्या घेऊन येतो. राणी शैब्या विचारते, ही कोण? घाबरून तो म्हणतो, ही तुझी सून. मुलगा तर झालेलाच नसतो. पुढे झाला तो विदर्भ, आणि त्याचं त्या मुलीशी लग्न झालं. अंग, वंग, कलिंग, पुंड्र आणि सुह्म हे तर बळीच्या घरातले पाच भाऊच.

आणि ग्रीकांनाही आपण पूर्वज दिला आहे. महाभारताच्या आदिपर्वात ययातीच्या मुलांची यादी येते, तिथे यदूपासून यादव झाले आणि तुर्वसूपासून यवन. हिब्रू बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात नोहाचा नातू यावान हा त्यांचा मूळ पुरुष. ग्रीक ज्या रीतीने जगाला आपल्या वंशावळीत बसवत होते, त्याच रीतीने जग त्यांना आपल्या वंशावळीत बसवत होतं.

आजच्या नकाशावर यांतली कोणती नावं उरली आहेत?

खूप. ग्रीसमध्ये 2011 पासून लागू असलेल्या प्रशासकीय रचनेत पेलोपोनीज, अॅटिका आणि थेसली हे प्रांत आहेत, आणि आर्केडिया, आर्गोलिस, कॉरिंथिया, लॅकोनिया, मेसीनिया हे पेलोपोनीजखालचे विभाग. देशाचं अधिकृत नाव हेलेनवरून, जगाने दिलेलं ग्रायकॉसवरून, आणि तुर्की, अरबी, फारसी, हिंदी बोलणारे ज्याला यूनान किंवा त्याच्या जवळपासचं काही म्हणतात ते आयॉनवरून.